साडूची तक्रारवही

माझ्या साडूइतका बायकांच्या मेंदूविषयी आदर बाळगणारा पुरुष घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतच्या पट्ट्यात दुसरा नाही, आणि ज्या कुणाला हे विधान अतिशयोक्त वाटत असेल त्याने माझ्यासमोर बसून तसे म्हणावे. मागून म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांत अग्रभागी आमचा मेहुणा, म्हणजे आम्हा दोघांच्या बायकांचा धाकटा भाऊ. तो बोरिवलीला राहतो आणि प्रत्येक लग्नात, बारशात, बुफेच्या रांगेत हातात रिकामी ताटली धरून माझ्या साडूची एक हकीगत साग्रसंगीत सांगतो. माणसे पोट धरून हसतात. हसण्याबद्दल माझी हरकत नाही. साडूला मीही चव्वेचाळीस वर्षे हसत आलो आहे. हरकत आहे ती हकिगतीला. मेहुणा त्या दिवशी तिथे नव्हता, मी होतो. चौतीस वर्षे न्यायालयात मी इतरांच्या साक्षी लिहून घेतल्या, ही माझी.

साडू टेलिफोन खात्यात केबल जोडणारा होता. रस्त्यातल्या खड्ड्यात, डोक्यावर छोटा तंबू उभारून, शिशाच्या नळीतून बाहेर आलेल्या शेकडो बारीक तारांच्या जोड्या एकेक करून जुळवायच्या, हे त्याचे काम. या माणसाने घाटकोपर पूर्वेचे अर्धे संसार एकमेकांशी बोलते ठेवले. परिणामी माणसांची नावे त्याच्या लक्षात राहत नाहीत, त्यांचे जुने टेलिफोन क्रमांक राहतात. एका स्वागतसमारंभात वधूच्या काकांना त्याने लांबूनच ओळखले, त्यांच्या लाइनमध्ये दर जुलैत पाणी शिरायचे हे मला सांगितले, आणि जवळ जाऊन आस्थेने विचारले, ‘आता कोरडं आहे ना?’ गृहस्थ महिनाभर खोकल्याने बेजार होते. ते म्हणाले, ‘कोरडाच आहे, पण जात नाही.’ दोघांचेही समाधान झाले आणि दोघेही आइस्क्रीमकडे गेले. भांडणे मिटवण्याची त्याची रीतही खात्यातलीच. दोष कुठल्या टोकाला आहे ते आधी शोधायचे, आणि त्यासाठी दोन्ही टोके एकमेकांपासून दूर ठेवायची. त्यांच्या इमारतीत पाण्याच्या टाकीवरून दोन सभासद हातघाईवर आले तेव्हा त्याने एकाला गच्चीवर पाठवले, दुसऱ्याला फाटकाशी उभे केले आणि एकमेकांना फोन लावायला सांगितले. कानाशी आलेल्या आवाजावर फार वेळ ओरडता येत नाही. दहा मिनिटांत गच्चीवरचा खालच्याला जेवणाचे विचारत होता. मेहुणा हा प्रसंग सांगताना गच्चीचे दार बाहेरून लावले होते असे जोडतो. दार लावलेले नव्हते.

आता वहीकडे येतो, कारण सगळा अपप्रचार वहीवरून सुरू होतो. सुमन, म्हणजे माझी मेहुणी आणि साडूची बायको, अठ्ठेचाळीस वर्षांची असताना घरात काही चमत्कारिक गोष्टी घडू लागल्या. ती भर जानेवारीत फ्रीजचे दार उघडून त्याच्यासमोर उभी राही. बोलता बोलता ‘ते हे’ म्हणून थांबे आणि चमचा हा शब्द तिला सापडत नसे. कपडे वाळत घालता घालता तिच्या डोळ्यांना धार लागे. माझ्यासारख्या सुबुद्ध माणसाने अशा वेळी वर्तमानपत्र किंचित उंच धरले असते. साडूने दोनशे पानी वही आणली आणि तिच्यावर खात्यातले रकाने आखले: तारीख, वेळ, तक्रार, तपासणी, निदान, निवारण. त्या नोंदी मी वाचल्या आहेत. ‘सकाळी सात. चहात साखर नाही. तपासणी: विचारले. उत्तर: स्वतः घाला. निदान: लाइन ठीक. निवारण: स्वतः घातली.’ ‘दुपारी चार. माझ्या शिट्टी वाजवण्याचा राग. गेली बावीस वर्षे वाजवतो. निदान: समजत नाही. निवारण: शिट्टी बंद.’ मेहुण्याच्या मते ही वही बहिणीचे दोष पकडण्यासाठी होती, आणि असा नवरा मिळाल्याबद्दल तो तिची जाहीर कीव करतो. हे साफ खोटे आहे. ज्या माणसाला काळजी करण्याची एकच पद्धत शिकवली गेली, त्याने ती पद्धत वापरली, एवढेच. सुमनने वही कधी उघडली नाही. तिला ती ऑफिसचे कागद वाटे, आणि ऑफिसच्या कागदांवर घरात डबे ठेवायचे असतात.

पुढे सुमन सावरली, वही माळ्यावर गेली, साडू निवृत्त झाला. आणि मग चारेक वर्षांपूर्वी जवळच्याच एका महाविद्यालयात एका डॉक्टरबाईंचे मेंदूवर व्याख्यान झाले. साडू तिथे पंख्याखालची जागा मिळेल म्हणून गेला होता, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला, फोन न करता, तो माझ्या मुलुंडच्या घरी दारात उभा. मी दाढीचा साबण लावलेला. ज्याने सारे आयुष्य टेलिफोन जोडण्यात घालवले तो मनुष्य कुणाकडेही फोन करून येत नाही.

‘दादा,’ तो म्हणाला, ‘केबल तीच राहते आणि जोडणी बदलते.’

त्याने मला खुर्चीत बसवले, साबणासकट. मेंदूचे निरनिराळे भाग एकमेकांशी सतत बोलत असतात. कोण कुणाशी किती जोराने बोलतो, यावर रक्तातल्या संप्रेरकांचा हात असतो. बायकांत ही संप्रेरके महिन्यागणिक चढतात-उतरतात, बाळंतपणात उसळतात, पन्नाशीच्या आसपास ओसरतात, आणि त्याबरोबर आतली संभाषणेही बदलतात. एवढे त्याने एका दमात सांगितले. ‘चालू एक्सचेंजमध्ये, दादा. लोक फोनवर बोलतायत आणि मागे कुणीतरी सगळ्या तारा जिथं जुळतात ती चौकटच बदलतंय, आणि डायल टोन जात नाही. आम्ही आठशे जोड्या बदलायच्या तर रविवार मागून घ्यायचो. नोटीस लावायचो. आणि ही बाई वरण-भात करत होती.’ त्याच्या डोळ्यांत मी अशी चमक पूर्वी एकदाच पाहिली होती, नवीन एक्सचेंज सुरू झाले त्या दिवशी. त्याने व्याख्यानाच्या शेवटी उभे राहून पुरुषांचे काय असेही विचारले होते. बाईंनी सांगितले की पुरुषांतही ही रसायने असतात, पुरुषी आणि बायकी दोन्ही, दोघांतही. ती दिवसभरात कमीजास्त होतात. पण एकच रसायन दोघांच्या मेंदूत एकच काम करील असे धरून चालू नका, आणि सरासरीवरून आपल्या बायकोचे भाकीत तर मुळीच करू नका. हे शेवटचे वाक्य साडूने मला हसत हसत, अगदी शब्दशः सांगितले. ते ऐकूनही तो पुढे काय करणार होता, हे तेव्हा त्यालाही ठाऊक नव्हते.

त्यानंतर दोन वर्षे त्याने आम्हाला भंडावले. भाजीवालीशी घासाघीस करणाऱ्या बायकांकडे तो स्तिमित होऊन बघे. जोगेश्वरीच्या लेण्यांत आम्ही चौघे सहलीला गेलो असता तिथल्या खांबांकडे पाठ करून त्याने माझ्या बायकोला विचारले की पाळी गेल्यावर तिला दिशा जास्त कळू लागल्या की कमी. ती म्हणाली, ‘भावोजी, मला एवढं कळतंय की बाहेर पडायचं दार तिकडं आहे,’ आणि खरोखरच तिकडून बाहेर पडली.

मग गेल्या वर्षी दिवाळी आटोपल्यावर त्याला प्रोस्टेटची गाठ निघाली. ती साधी नव्हती. डॉक्टरांनी उपाय सांगितला: दर तीन महिन्यांनी एक सुई. त्या सुईने शरीरातले पुरुषी संप्रेरक जवळजवळ बंद पडते आणि गाठ उपाशी राहते. थांबवायची नाही, टाळायची नाही. पहिली सुई झाली, आणि तीनेक आठवड्यांनी त्याचा मला चक्क फोन आला.

‘दादा, आली.’

मी विचारले, कोण.

‘वाफ. छातीतून निघून कानापर्यंत. सुमनला यायची तीच. मी फ्रीजसमोर उभा आहे.’

पलीकडे सुमन हसत असल्याचे मला ऐकू येत होते. ती म्हणत होती, ‘सरका थोडे, मला दूध काढू दे.’ गंभीर आजारी माणसाचा असा उल्हसित आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. जिच्याविषयी इतकी वर्षे बाहेरून नोंदी केल्या, ती गोष्ट त्याला आतून पाहायला मिळत होती.

उल्हास आठवडाभर टिकला. मग त्याने माळ्यावरून वही काढली आणि इथे त्याने ती चूक केली, जी केबल जोडणाराच करू शकतो. त्याने असा हिशेब मांडला की दोष तोच, कारण तेच, तर क्रमही तोच असणार. सुमनच्या नोंदींवरून त्याने स्वतःसाठी पुढील दीड वर्षाचे कोष्टक तयार केले आणि फ्रीजवर चुंबकाने लावले. दुसरा महिना: झोप नाही. तिसरा: चिडचिड, शिट्टीसंबंधी. चौथा: शब्द व नावे जाण्यास सुरुवात. त्यापुढे पानामागून पान तक्रारीच तक्रारी. चौथ्या महिन्याखाली त्याने दोनदा रेघ ओढली होती. नावे त्याची कधीच नव्हती, म्हणजे जायचे ते क्रमांक. हजारो क्रमांक, कॅबिनेट, खांब, जोड्या. तेवढेच त्याने आयुष्यात साठवले होते. दुसरी सुई जानेवारीच्या शेवटी होती. ती आपण घेणार नाही, असे त्याने सुमनला जेवताना शांतपणे सांगितले. गाठीने जायचे तर सगळ्या जोड्या जागेवर असताना जावे, असे त्याचे म्हणणे. सुमनने आधी समजावले, मग अबोला धरला, मग डॉक्टरांकडून समज देववली. मला बोलावले, मी दोन तास युक्तिवाद केला आणि हरलो, हे इथे प्रथमच लिहीत आहे. मेहुण्याने फोनवर सल्ला दिला की भावोजींची पार वाट लागलीय, त्यांना गोड बोलून रिक्षात घाला. बोरिवलीहून एवढेच आले.

आता तो दिवस. सुमनचे संक्रांतीचे हळदीकुंकू ठरलेले होते आणि ते तिने रद्द केले नाही. माझ्या बायकोला पोहोचवायला मी गेलो होतो आणि आतल्या खोलीत, दार उघडे ठेवून, बसलो होतो. मेहुण्याची हकीगत अशी की साडू बायकांच्या घोळक्यात शिरला, फतकल मारून बसला, पदर घेतल्यासारखा पंचा डोक्यावरून घेऊन गळा काढून रडला, आणि बायका घाबरून वाण न घेताच पळाल्या. आता वस्तुस्थिती ऐका. साडू इस्त्रीचा सदरा घालून दाराजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला. पंचा नव्हता, रुमाल होता, आणि तो घाम पुसायला होता. मांडीवर वही होती. पुरुष डॉक्टरांना विचारून त्याला जे कळले नव्हते ते तो एकेका बाईला विचारत होता, आणि विचारताना प्रत्येकीला ‘आपण’ म्हणत होता. वाफ मानेपासून सुरू होते की छातीपासून? शब्द गेले तर कुठले आधी, माणसांचे की वस्तूंचे? रडू येते तेव्हा आधी दुःख येते की आधी पाणी?

मग कोपऱ्यातल्या एक आजीबाई म्हणाल्या, ‘आधी पाणी. दुःख नंतर शोधावं लागतं.’ आणि त्यानंतर, वाचकहो, त्या खोलीत जे उसळले त्याचे वर्णन माझ्याच्याने होणार नाही. एकीला स्वयंपाकघरात उभे राहून आपण इथे का आलो ते कळत नसे. एक रागाने गच्चीवर जाऊन मोठमोठ्याने पाढे म्हणत असे. एकीला काहीच झाले नव्हते आणि तिच्यावर कुणी विश्वास ठेवत नव्हते. तिळाचे लाडू हातात तसेच राहिले. तीस-तीस वर्षे शेजारी राहून त्यांनी हे एकमेकींना सांगितलेले नव्हते. कुणी पळाले नाही; उलट दोघी जायला निघालेल्या पुन्हा चपला काढून बसल्या.

वरच्या मजल्यावरच्या सरोजताई, ज्या कुंकू लावून घेत नाहीत पण सुमनचा तिळगूळ कधी चुकवत नाहीत, रुग्णालयात परिचारिका म्हणून आयुष्य काढलेल्या. त्यांनी साडूचे कोष्टक मागून घेतले, चष्मा लावून वाचले आणि विचारले, ‘हे तुमचं का तिचं?’ तिच्यावरून माझं, असे साडूने सांगितले. ‘असं कसं चालेल? तुमचं वेगळं, तिचं वेगळं, आणि माझं तर तिच्याहूनही वेगळं. मला वाफच नाही आली, मला सांधे आले.’ साडू म्हणाला की नोंद तर खोटी नाही ना. आणि मग तो रडला. होय, रडला. गळा काढून नव्हे. पाणी आले आणि त्याने ते येऊ दिले, आणि म्हणाला की सगळ्या जोड्या सुटल्यावर तो कोण म्हणून राहणार.

सुमनने हातातले हळदीकुंकवाचे तबक माझ्या बायकोकडे दिले, त्याच्या मांडीवरची वही उचलली आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा उघडली. उभ्या उभ्याच तिने मोठ्याने वाचले, ‘बिनकारण रडणे. पाऊण तास. निवारण: आपोआप सुटले.’

तिने त्या ओळीवर बोट ठेवले.

‘आपोआप नाही सुटलं हो. मी ठरवलं, की कुकर झाला की थांबायचं. ते मी सोडवलं.’ आणि एरवी अहो-जाहो करणारी ती माहेरच्या मालवणीत घसरली, ‘तुका काय कळता?’

तिने पाने उलटली. ‘आणि चौथ्या महिन्यात शब्द गेले, लिहिलंत. परत आले ते कुठं आहे?’

साडू अगदी खात्यातल्या आवाजात म्हणाला की परत आल्याची तक्रार नव्हती. चालू लाइनची नोंद कुणी करत नाही.

मी आतल्या खोलीत उभा राहिलो. चौतीस वर्षांच्या नोकरीत इतका निर्णायक कबुलीजबाब माझ्या समोर आला नव्हता. ज्या वहीत फक्त बिघाड लिहायचे असतात, तिच्यावरून त्याने आपले सारे भविष्य आखले होते. सुमन ज्या ज्या दिवशी बरी होती, हसली होती, पुरणपोळ्या केल्या होत्या, मुलाच्या परीक्षेला त्याच्याबरोबर जागली होती, ते सगळे दिवस त्या दोनशे पानांत नव्हते.

‘सुई घ्यायची,’ सुमन म्हणाली. ‘माझे शब्द आले परत. तुमचे नाही आले तर मी सांगत जाईन. पण सांगायला कोणीतरी समोर पाहिजे ना मला.’

तिने वही मिटली, तबक परत घेतले आणि राहिलेल्या तिघींना कुंकू लावले. साडूने त्या महिन्याच्या शेवटी सुई घेतली, आणि त्यानंतरच्याही. आम्ही चौघे दर वेळी बरोबर जातो.

चौथा महिना आला आणि गेला. क्रमांक गेले नाहीत. गेले ते रस्ते. एका सकाळी घाटकोपर स्टेशनाबाहेर, जिथली जमीन त्याने हाताने उकरलेली आहे तिथे, घर कुठल्या बाजूला ते त्याला सुचेना. त्याने मला फोन लावला, आणि मी घाबरून चपला शोधत असताना तो आनंदाने सांगत होता, ‘दादा, तिचे शब्द गेले होते, माझे रस्ते चाललेत. चौकटच वेगळी आहे. डॉक्टरबाई बरोबर म्हणत होत्या.’ सरोजताईंनी त्याला बजावले की एका माणसावरून शास्त्र होत नाही. वय, आजार, झोप, कशानेही असेल. तो मान डोलावतो आणि मानत नाही. सुमन आता त्याच्याबरोबर चालते, अर्धे पाऊल पुढे, वळायच्या जागी जरा हळू होऊन. नवी वही तिच्याकडे असते. तिच्यात तिने एकच रकाना आखला आहे आणि त्यात ती ‘आज ठीक’ असे लिहिते. काही दिवशी लिहीत नाही.

मेहुण्याने काय सांगायचे ते सांगावे. मी मात्र हळदीकुंकवाच्या दुसऱ्या दिवशी, मुलुंडला, माझ्या स्वयंपाकघरात गेलो. ही मटार सोलत बसली होती. मी विचारले की त्या वर्षांत, पन्नाशीच्या आसपास, तिला काय काय होत होते. तिचे हात थांबले. ती खिडकीकडे बघत आठवू लागली.

‘बरंच काही होत होतं,’ ती म्हणाली. ‘पण आता नेमकं आठवत नाही हो.’

मी तिच्यासमोर बसलो आणि एक शेंग उचलली. ती म्हणाली, दाणे त्या भांड्यात नाही, या भांड्यात.